गांडुळाचे पोषणमूल्य आणि डिंडोलीची माती

गांडूळ हा वलयी संघातला प्राणी. त्याच्या अंगात हाड नाही, पाठीवर शिंपला नाही, कीटकांसारखे कठीण कवचही नाही. पातळ त्वचा, तिच्याखाली आडव्या आणि उभ्या स्नायूंचे दोन थर, आणि मधोमध तोंडापासून शेपटापर्यंत सरळ गेलेली पचननलिका, एवढीच त्याच्या देहाची मुख्य मांडणी. वजनातला ८० ते ८५ टक्के भाग पाण्याचा. पाणी काढून टाकले की जे उरते ते बहुतांशी स्नायू, म्हणजेच मांस. ‘गांडुळात पोषण आहे का’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे अवघड नाही. मासळीत, कोंबडीत, बकऱ्याच्या मटणात जे असते तेच थोड्याफार फरकाने गांडुळातही असते. अडचण त्याच्या मांसात नसून त्या मधल्या नळीत आणि तिच्यातून जाणाऱ्या मातीत आहे.

गांडुळातील प्रथिनांची मोजणी फार जुनी आहे. १९४५ साली ‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञानपत्रिकेत लॉरेन्स आणि मिलर यांनी तिच्यावर टिपण प्रसिद्ध केले. पुढे १९७० आणि १९८० च्या दशकांत पशुखाद्यासाठी स्वस्त प्रथिने शोधण्याची लाट आली आणि अनेक देशांतील प्रयोगशाळांनी गांडुळे वाळवून, कुटून, तपासून पाहिली. जाती आणि खाद्य यांनुसार आकडे बदलतात, पण साधारण चित्र एकच येते. वाळवलेल्या गांडुळाच्या वजनात ६० ते ७० टक्के प्रथिने आणि साधारण ५ ते १० टक्के स्निग्ध पदार्थ असतात; बाकीचा भाग कर्बोदके आणि खनिजे यांचा. प्रथिनांचा दर्जाही चांगला आहे. माणसाचे शरीर जी अमिनो आम्ले स्वतः बनवू शकत नाही ती सगळी त्यांत आहेत आणि लायसीन विशेष भरपूर आहे. ज्वारी, बाजरी, गहू या धान्यांत नेमके लायसीनच कमी पडते. भाकरीबरोबर वरण किंवा उसळ खाण्याची आपली पद्धत पोषणशास्त्राला पटते ती याच कारणाने, कारण डाळी ती उणीव भरून काढतात. गांडुळाच्या चरबीत मासळीत आढळणारी काही ओमेगा-३ मेदाम्लेही सापडतात, आणि ब गटातील जीवनसत्त्वांचीही नोंद आहे.

या आकड्यांकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की प्रयोगशाळेत बहुतेक वेळा प्रथिने थेट मोजली जात नाहीत. नत्र मोजले जाते आणि त्याला ६.२५ ने गुणले जाते. गांडुळाच्या शरीरात प्रथिनांखेरीज अमोनिया, युरिया अशा रूपांतही नत्र असते आणि या गुणाकारात तेही प्रथिनांच्या खाती जमा होते. खरा आकडा त्यामुळे छापील आकड्यापेक्षा थोडा कमी असणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ६० ते ७० टक्के हा आकडा वाळवलेल्या गांडुळाचा आहे, आणि कौतुकाच्या लेखांत तो ताज्या कोंबडीच्या किंवा अंड्याच्या आकड्याशेजारी ठेवला जातो. ही तुलना फसवी आहे. १०० ग्रॅम ताज्या गांडुळांतून पाणी गेल्यावर १८ ग्रॅमच्या आसपास कोरडा भाग उरतो आणि त्यात प्रथिने भरतात ११ ते १२ ग्रॅम. दोन अंड्यांतही जवळपास तेवढीच असतात. शेणखतात वाढणारे पूर्ण वाढीचे तांबडे गांडूळ अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे दोन अंड्यांची बरोबरी करायला दोनशे गांडुळे लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. ती केवळ गांडुळांतून मिळवायची म्हटली तर दिवसाला आठशे गांडुळे निवडून, धुऊन, साफ करावी लागतील. कोरड्याची तुलना कोरड्याशीच करायची असेल तर खानदेशच्या आठवडे बाजारात गोणपाटावर मांडलेले सुके बोंबील आणि सुकट घ्यावी. सुक्या बोंबलात प्रथिने साठ टक्क्यांच्या आसपास असतात, सुकटीत त्याहून थोडी जास्तच, आणि सुकट सालासकट खाल्ली जात असल्याने तिच्यात कॅल्शियमही भरपूर. वाळवलेल्या गांडुळात प्रथिनांचे जे प्रमाण सांगून लोकांना थक्क केले जाते ते मराठी स्वयंपाकघरात डब्यात भरून ठेवलेले असते.

लोहाची बाब मात्र वेगळी आहे. गांडुळाचे रक्त लाल असते आणि त्यात हिमोग्लोबिन असते. माणसाप्रमाणे ते पेशींत बंद नसून रक्तद्रवातच विरघळलेले असते, आणि त्याचा रेणू माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठा असतो. हिमोग्लोबिनमधले लोह पालेभाजीतल्या किंवा धान्यातल्या लोहापेक्षा आतड्यात सहज शोषले जाते. त्यामुळे गांडुळातले लोह हा पोषणाच्या दृष्टीने खरोखर लक्ष देण्याजोगा भाग आहे. त्याचा सविस्तर अभ्यास ज्या लोकांच्या आहारावरून झाला ते लोक दक्षिण अमेरिकेतले आहेत.

व्हेनेझुएला देशाच्या दक्षिण टोकाला, ओरिनोको नदीच्या वरच्या खोऱ्यातील जंगलात येकुआना नावाचे आदिवासी राहतात. नदीकाठी वस्ती, कसाव्याची शेती, मासेमारी आणि शिकार हा त्यांचा जीवनक्रम. त्यांच्या आहारात गांडुळांच्या दोन जातींना मानाचे स्थान आहे. एकीला ते ‘कुरू’ म्हणतात, दुसरीला ‘मोत्तो’. शास्त्रज्ञांनी या जातींना नावे देताना हेच शब्द उचलले आणि त्या अँडिओऱ्हायनस कुरू आणि अँडिओऱ्हायनस मोत्तो झाल्या. आपल्या खतखड्यातल्या गांडुळांपेक्षा त्या कितीतरी मोठ्या आहेत, आणि खाण्याचे गणित बदलते ते इथेच. मूठभर वळवळणाऱ्या बारीक किड्यांऐवजी एकेक गांडूळ हाताळण्याजोगे असेल तर साफ करण्याचे श्रम परवडतात.

येकुआनांची कृती पाहण्यासारखी आहे. गांडूळ खणून काढले की त्याचे आतडे मातीसकट काढून टाकतात, उरलेला भाग स्वच्छ धुतात, मग गरम पाण्यातून काढतात किंवा धुरावर धरून सुकवतात. कच्चे आणि मातीसकट कुणी खात नाही. इटलीतील पादोव्हा विद्यापीठाचे मौरिझिओ पाओलेत्ती आणि त्यांचे सहकारी यांनी या गांडुळांचे रासायनिक पृथक्करण केले आणि २००३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. कोरड्या वजनात प्रथिने ६४.५ ते ७२.९ टक्के निघाली. लोह ग्रॅममागे १०५० ते २९९० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या गांडुळात १०५ ते २९९ मिलिग्रॅम भरले. कॅल्शियम आणि इतर खनिजेही चांगल्या प्रमाणात मिळाली.

लोहाचा हा आकडा ओल्या वजनात बदलून पाहिला तरी मोठाच राहतो. १०० ग्रॅम ताज्या गांडुळांत तो कागदावर १९ ते ५४ मिलिग्रॅम येतो, आणि प्रौढ भारतीय स्त्रीची दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. कागदावर म्हणण्याचे कारण असे की ओरिनोकोच्या वरच्या खोऱ्यातली लाल माती लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेली असते. आतडे कितीही काळजीने काढले तरी मातीचा अंश राहू शकतो, आणि मातीतले गंजरूप लोह रक्तातल्या लोहासारखे अंगी लागत नाही. एकूण लोहापैकी किती गांडुळाच्या रक्ताचे आणि किती मातीचे हे वेगळे केल्याशिवाय २९९ मिलिग्रॅमचा आकडा आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात जसाच्या तसा घालणे धाडसाचे ठरेल. तरीही त्या जंगलात, जिथे शिकार मिळणे हा नशिबाचा भाग आहे, तिथे पायाखालच्या मातीतून वर्षभर मिळणारे हे मांस कुटुंबाच्या पोषणाला मोठा आधार आहे यात शंका नाही.

गांडूळ खाणारे येकुआना एकटे नाहीत. न्यूझीलंडचे माओरी गांडुळाला ‘नोके’ म्हणतात. त्यांच्यात काही निवडक जाती रुचकर मानल्या जात आणि त्या सरदार-प्रमुखांसाठी राखून ठेवल्या जात. चीनमध्ये वाळवलेले गांडूळ ‘दीलोंग’ या नावाने औषधांच्या दुकानांत मिळते. ताप, दमा, झटके यांवर ते देण्याची परंपरा जुनी आहे. युनानी वैद्यकात तेच ‘खरातीन’ म्हणून येते, आणि ते वापरण्याआधी शुद्ध करून घेण्यावर हकीम भर देतात. १९८३ साली जपानच्या हिसाशी मिहारा यांना गांडुळाच्या पचनमार्गात रक्ताच्या गुठळीतले तंतू विरघळवणारी विकरे सापडली. लुंब्रोकायनेज या नावाने त्यांच्या कॅप्सूल काही देशांत विकल्या जातात. पण हा औषधाचा प्रांत झाला. विकराची कॅप्सूल घेणे म्हणजे गांडूळ आहारात घेणे नव्हे, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी अशा कॅप्सूलपासून दूर राहिलेलेच बरे.

भारतीय रसशास्त्रात गांडुळाचे नाव भूनाग. रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत भूनागापासून तांब्यासारखे धातुरूप ‘सत्त्व’ काढण्याची कृती येते. प्राण्यापासून धातू काढायचा ही कल्पना ऐकायला अद्भुत वाटते. आधुनिक रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिले तर तिच्यातले एक निरीक्षण अचूक आहे: गांडूळ ज्या मातीत राहते तिथले धातू आपल्या शरीरात साठवते. या गुणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण शहरी वाचकासाठी गांडुळाच्या पोषणमूल्याचा निकाल त्याच्यावरच ठरतो.

पाश्चात्य देशांत गांडूळ ताटात आणण्याचा प्रयत्न झाला तो विक्रीच्या खटपटीतून. १९७० च्या दशकात अमेरिकेत गळासाठी गांडुळे पाळणाऱ्यांचा धंदा वाढला आणि कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिकाने गांडुळांच्या पाककृतींची स्पर्धाच भरवली. केक, बिस्किटे असे पदार्थ तिच्यात आले. धंदा काही त्यावर चालला नाही. १९७८ मध्ये मॅकडोनाल्डच्या हॅम्बर्गरमध्ये गांडुळाचे मांस मिसळतात अशी अफवा अमेरिकेत पसरली. कंपनीने तिचे खंडन केले आणि कंपनीचे ज्येष्ठ अध्यक्ष रे क्रॉक यांनी दिलेला युक्तिवाद शुद्ध हिशेबाचा होता: गांडुळे पौंडामागे गोमांसापेक्षा कितीतरी महाग पडतात, भेसळ करून तोटा कोण करून घेईल? स्वस्त प्रथिने म्हणून गांडुळाचा गौरव करणारे हा मुद्दा सहसा सांगत नाहीत. कचरा फुकट असतो, गांडुळे वाढवणेही सोपे असते, पण खताच्या ढिगातून ती वेगळी काढण्याची मजुरी फुकट नसते.

मराठी मुलखात गांडूळ कधीच माणसाचे अन्न नव्हते. गळाला लावायचे आमिष आणि शेतकऱ्याचा सोबती या दोनच नात्यांनी ते ओळखीचे. कुठे त्याला दानवे म्हणतात, कुठे शिदोड. कीटक खाण्याची परंपरा शेजारी आहे. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चापडा चटणी खातात, आणि ओडिशातील मयूरभंज जिल्ह्याच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मुंगी झाडावर राहते आणि गांडूळ मातीत, आणि हा फरक आरोग्याच्या दृष्टीने लहान नाही. गुजरातेत तर आहाराच्या विचारावर जैन परंपरेची छाया मोठी आहे. जैन जीवविचारात गांडूळ द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श आणि चव या दोन इंद्रियांचा जीव मानला जातो. तो खाणे दूरच, पावसाळ्यात त्याच्यावर पाय पडू नये याचीही काळजी घेतली जाते.

अशा गुजरातेत, सुरतच्या आग्नेय भागात, डिंडोली वसली आहे. उधन्याहून नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत जळगावला जाणाऱ्या तापी खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातली असंख्य कुटुंबे सुरतेत आणली. यंत्रमाग, साड्यांचे बाजार, रंगाई-छपाईच्या गिरण्या यांत काम मिळाले आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत अहिराणी आणि मराठी कानावर पडणे नित्याचे झाले. पोषणाचा प्रश्न या वस्त्यांत पुस्तकी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण गुजरातेत ६५ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ते गुजरातेत ७९.७ टक्के होते. लोह आणि प्रथिने यांनी भरलेला, पावसाळ्यात आपोआप जमिनीवर येणारा एखादा प्राणी अशा ठिकाणी उपयोगी पडेल का, असा विचार कुणाच्या मनात आला तर तो अगदीच विचित्र नाही. उत्तर मात्र नकारार्थी आहे, आणि त्याला चव किंवा किळस हे कारण नाही.

सुरतचा परिसर तापीच्या गाळाचा आणि काळ्या मातीचा. उन्हाळ्यात ही माती भेगाळते तेव्हा गांडुळे खोल जाऊन अंग दुमडून पडून राहतात. जून-जुलैत पाऊस लागला की बिळांत पाणी भरते आणि ती रस्त्याकडेला, बागेच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर दिसू लागतात. शहरातल्या मातीवर बरेच काही पडत असते: वाहनांचा धूर, जुन्या रंगाचे पापुद्रे, बॅटऱ्या आणि भंगार, कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी. डिंडोलीला लागूनच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे आणि डिंडोलीतच महापालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. दक्षिण गुजरातचा पट्टा एकंदरीतच उद्योगांचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार यादी केली तेव्हा पहिले नाव अंकलेश्वरचे आणि दुसरे वापीचे होते. एखाद्या विशिष्ट प्लॉटची माती दूषित आहे की नाही हे तपासणीशिवाय सांगता येत नाही. पण उद्योग आणि गटारे यांच्या शेजारची शहरी माती निर्धोक धरून चालता येत नाही एवढे नक्की.

कॅडमियम या धातूचे उदाहरण घेतले की धोका नेमका कुठे आहे ते कळते. गांडूळ दिवसभर माती गिळते आणि तिच्यातले सेंद्रिय द्रव्य पचवते. त्याबरोबर येणारे कॅडमियम त्याच्या शरीरातली काही प्रथिने घट्ट बांधून ठेवतात आणि ते आतड्याभोवतीच्या पिवळसर ऊतींत साठते. गांडुळाला स्वतःला त्याचा लगेच त्रास होत नाही, पण शरीरातले प्रमाण मातीतल्या प्रमाणाच्या आठ-दहा पटींवर जाऊ शकते. समजा, मातीच्या किलोत १ मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि गांडुळाच्या कोरड्या वजनात ते आठ पट झाले आहे. मग १०० ग्रॅम ताज्या गांडुळांतून, म्हणजे साधारण २० ग्रॅम कोरड्या भागातून, १६० मायक्रोग्रॅम कॅडमियम पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये ठरवलेली मर्यादा महिन्याला शरीराच्या किलोमागे २५ मायक्रोग्रॅमची आहे. ६० किलोच्या माणसासाठी ती १५०० मायक्रोग्रॅम होते. रोज शंभर ग्रॅम खाल्ले तर महिन्याची मर्यादा नऊ-दहा दिवसांतच संपते, आणि भात-भाजीतून येणारे कॅडमियम यात धरलेलेच नाही. साठलेले कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे राहते. शिजवल्याने, तळल्याने किंवा धुरावर धरल्याने धातू नष्ट होत नाही.

आतडे रिकामे करण्याचा उपायही अर्धाच आहे. पशुखाद्यासाठी किंवा प्रयोगासाठी गांडुळे एक-दोन दिवस ओल्या कागदावर उपाशी ठेवतात, तेवढ्यात त्यांच्या पोटातली माती बाहेर पडते. मातीचे कण आणि त्यांना चिकटलेले जंतू त्यामुळे कमी होतात, पण ऊतींत मुरलेले धातू जिथल्या तिथे राहतात. मातीच्या विषारीपणाची परीक्षा घेण्यासाठी जगभर गांडूळच वापरले जाते ते काही उगाच नाही. आर्थिक सहकार आणि विकास संघटनेने १९८४ मध्ये घालून दिलेल्या चाचणीत खतखड्यातले तांबडे गांडूळ, आयसेनिया फेटिडा, हाच परीक्षेचा प्राणी आहे.

जंतू आणि परजीवी हा दुसरा धोका, पण तो टाळता येण्याजोगा आहे. डुकरांच्या फुप्फुसातील कृमी आणि कोंबड्यांच्या श्वासनलिकेतील कृमी यांचे जीवनचक्र गांडुळातून पुढे सरकते. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून मातीत पडणारी टॉक्सोकारा कृमीची अंडीही गांडुळाबरोबर पोटात येऊ शकतात. इटलीतील एका किशोरवयीन मुलीला गांडूळ खाल्ल्यानंतर टॉक्सोकाराच्या अळ्यांनी आजारी पाडल्याचे प्रकरण २००६ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. जिथे भटकी कुत्री गल्लोगल्ली आहेत अशा कुठल्याही शहराला ही नोंद लागू पडते. पुरेसे उकळल्यावर अंडी आणि अळ्या मरतात. कच्चे गांडूळ पैजेखातरही तोंडात घालू नये. लहान मुले मातीत खेळताना ते करू शकतात, म्हणून घरातल्या मोठ्यांना हे ठाऊक असणे बरे.

तिसरी अडचण खुद्द खतखड्यातल्या जातीची आहे. आयसेनिया फेटिडाला डिवचले की ती पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडते. तिच्या शास्त्रीय नावातला ‘फेटिडा’ याच दुर्गंधीवरून आला. या द्रवात लायसेनिनसारखी प्रथिने असतात आणि ती पृष्ठवंशी प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. ब्रिटनमधील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राउट माशांना वेगवेगळ्या जातींची गांडुळे खाऊ घालून पाहिली तेव्हा मोठ्या रानटी जातींवर मासे वाढले, पण न शिजवलेली आयसेनिया त्यांना मानवली नाही. गरम पाण्यातून काढल्यावर तो दोष बराचसा कमी झाला, कारण उष्णतेने ही प्रथिने निष्प्रभ होतात. येकुआनांनी प्रयोगशाळेशिवाय गाठलेली रीत, आतडे काढा, धुवा, गरम पाण्यातून काढा, अशा रीतीने प्रयोगांतही योग्य ठरते. त्यांच्याकडे असलेली आणि डिंडोलीकडे नसलेली गोष्ट एकच: कारखाने आणि गटारांपासून दूर असलेली जंगलाची माती.

गांडुळातल्या प्रथिनांचा शहाणपणाचा उपयोग माणसाच्या ताटाच्या एक पायरी अलीकडे आहे. देशी कोंबड्या अंगण उकरून गांडुळे खातात आणि त्याचे अंड्यात रूपांतर करतात. मत्स्यशेतीत गांडुळांची भुकटी मासळीच्या भुकटीऐवजी काही प्रमाणात वापरता येते. धातूंचा प्रश्न इथेही सुटत नाही, म्हणून अशा गांडुळांना घालायचा कचरा निवडून घ्यावा लागतो. भाजी मंडईचा पाला, शेण, उसाची चिपाडे, केळीचे खुंट चालतात. सांडपाण्याचा गाळ, रंगीत छपाईचे कागद आणि कारखान्याजवळचा कचरा चालत नाही. खतासाठी वापरल्या जाणाऱ्या तीन प्रमुख जातींपैकी, आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकेतून आलेली युड्रिलस युजेनी या दोन बाहेरच्या, तर पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस आपल्या भागातली. मांसासाठी युड्रिलस सोयीची, कारण ती आकाराने मोठी आणि झपाट्याने वाढणारी.

आणि लोहाचे काय? डिंडोलीच्या खानदेशी घरात ते मिळवायचे मार्ग जवळचे आहेत. इक्रिसॅट ही कृषी संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून तयार केलेल्या ‘धनशक्ती’ या बाजरीच्या वाणात किलोमागे ७१ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे, म्हणजे शंभर ग्रॅम पिठात सात मिलिग्रॅम. धान्यातले लोह रक्तातल्या लोहाइतके शोषले जात नाही, पण जेवताना लिंबू पिळले, आणि जेवणाला लागून चहा घेतला नाही, तर शोषण वाढते. मांसाहारी घरांत कलेजी आणि मासळी आहे, शाकाहारी घरांत मोड आलेली मटकी, हरभरे आणि सोयाबीन आहे. रक्तक्षय ठरलाच असेल तर मात्र अन्नावर विसंबून न राहता सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या घेणे हाच सरळ मार्ग आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. ज्या पदार्थाला अन्न म्हणून खाण्याचा इतिहास नाही तो भारतात अन्न म्हणून विकायचा तर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांखाली आधी परवानगी घ्यावी लागते. तिच्यासाठी सुरक्षिततेचा पुरावा द्यावा लागतो. युरोपीय संघाने २०२१ मध्ये वाळवलेल्या पिवळ्या मीलवर्मला परवानगी दिली, तिच्या बातम्या मराठीतही ‘अळ्या खाण्यास मंजुरी’ अशा मथळ्यांनी फिरल्या. पण मीलवर्म ही भुंग्याची अळी आहे, गांडुळाशी तिचे नाते नाही. तेव्हा वाळवलेल्या गांडुळाची ‘प्रथिन पावडर’ कुणी विकायला आणली तर पाकिटावर प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि जड धातूंच्या तपासणीचा अहवाल आहे का हे आधी पाहावे, आणि दोन्ही नसतील तर ती घेऊ नये.